अक्काचा अंगठा आणि '१९८४'

मागच्या महिन्यात शेजारच्या अक्काबरोबर इथं सोलापुरात रेशन दुकानात गेले होते. अक्का म्हणजे आयुष्यभर विड्या वळलेली बाई, मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू आणि तोंडानं अर्धं तेलुगू अर्धं मराठी अखंड चालू. तर मशीनवर तिनं अंगठा ठेवला, लाल लाईट. परत ठेवला, लाल. दुकानदार म्हणाला, "अक्का, पदराला पुसा की नीट." पुसला, परत लाल. मग डावा अंगठा, मग मधलं बोट, मागं लाईन वाढलेली, ऊन मरणाचं, एक काका आधीच "आमचं पण बघा की" म्हणायला लागलेले. पानं कापून आणि तंबाखू भरून भरून तिच्या बोटांवरच्या रेषा पार घासून गेल्यात, अगदी नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत. शेवटी ती स्वतःच्याच बोटाकडं बघत म्हणाली, "ही बोटं माझी हायत का नाही, ते आता हे डबडं सांगणार व्हय?"

सगळे हसले, मी पण हसले. पण त्याच आठवड्यात मी जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी वाचत होते, वाचनालयातली जुनी प्रत, पानं पिवळी पडलेली, आणि अक्काचं ते वाक्य काही डोक्यातनं जाईना. म्हणून म्हटलं या डिस्टोपिया नावाच्या प्रकाराबद्दल एकदा सोप्या भाषेत लिहून काढावं, कारण हा शब्द आजकाल लोक कशालाही लावतात, ट्रॅफिक जॅम झाला तरी डिस्टोपिया आणि नेट स्लो झालं तरी डिस्टोपिया.

आधी शब्दाचं बघू. थॉमस मोर नावाच्या इंग्रज माणसानं १५१६ साली एका काल्पनिक बेटावरचं आदर्श राज्य लिहिलं, त्याचं नाव यूटोपिया, ग्रीकमधनं जुळवलेला शब्द, अर्थ साधारण 'कुठंच नसलेली जागा'. त्याच्या उलटं ते डिस्टोपिया. आपल्याकडं याला लगेच कलियुग म्हणून मोकळे होतात, पण ते बरोबर नाही. कलियुगात कसं, सगळा गोंधळ असतो, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. डिस्टोपियात उलट सगळं टापटीप असतं बघा. रस्ते स्वच्छ, माणसं वेळेवर, चोऱ्या नाहीत, पाणीसुद्धा रोज येत असणार (हे सोलापूरकराला सांगितलं तर तो म्हणेल चला की मग तिकडंच राहू). फक्त एकच गोष्ट तिथं चालत नाही, कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. मी चार-पाच पुस्तकं वाचून जे काढलंय ते एवढंच, की प्रत्येक लेखकानं हे 'नाही' वेगळ्या पद्धतीनं मरताना दाखवलंय.

दुसरा गैरसमज म्हणजे या लोकांनी भविष्य सांगितलं. "ऑर्वेलनं सगळं आधीच लिहून ठेवलं होतं" असे फॉरवर्ड येतात, जणू काही तो पंचांग घेऊन बसला होता. तसं काही नाही. '१९८४' ८ जून १९४९ ला आलं, आणि त्यात जे आहे ते त्यानं बघितलेलं किंवा त्याच्या काळात घडलेलंच आहे, स्टालिनची रशिया, हिटलरची जर्मनी, युद्धातलं रेशनवरचं लंडन. बरं हा माणूस आपल्याला वाटतो तेवढा लांबचा नाही. खरं नाव एरिक ब्लेअर, जन्म २५ जून १९०३, गाव मोतीहारी, बिहार. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. स्वतः १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलीस खात्यात. म्हणजे लोकांवर पाळत ठेवायची असते ती कशी, हे तो पुस्तकं वाचून शिकला नव्हता, पगार घेऊन शिकला होता. पुढं युद्धाच्या काळात बीबीसीच्या पूर्वेकडच्या विभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करायचा, तिथं प्रत्येक ओळ सेन्सॉरकडनं पास होऊन यायची. म्हणजे कादंबरीत सत्य मंत्रालय आहे ना, जिथं बसून खोटं तयार करतात, तशा ऑफिसात तो जेवणाचा डबा घेऊन जात होता म्हणा ना.

पण त्याच्याही आधीचा एक आहे, येवगेनी झाम्यातिन, रशियन, पेशानं जहाज बांधणारा इंजिनिअर. त्यानं १९२०-२१ च्या सुमारास 'आम्ही' या नावाची कादंबरी लिहिली, पहिल्यांदा छापून आली १९२४ साली तीही इंग्रजीत, आणि त्याच्या स्वतःच्या देशात उजाडायला १९८८ लागलं. त्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. कथा सांगणारा डी-५०३. घरं काचेची, सगळ्यांना सगळ्यांचं दिसतं. सगळे एकाच वेळी उठतात, एकाच वेळी जेवतात, घास किती वेळा चावायचा तोही आकडा ठरलेला, पन्नास.

हे वाचताना मला आमच्या आजोबांची आठवण आली. आजोबा मिलमध्ये होते. त्या काळी सोलापूर म्हणजे गिरणगाव, भोंगा झाला की अख्खा पेठेचा भाग एकदम उठणार, भोंग्यावर भाकरी, भोंग्यावर जेवण, घड्याळ घरात नसलं तरी चालायचं. झाम्यातिननं वेगळं काय केलं, तर भोंग्याचा आवाज मिलच्या गेटबाहेर आणला आणि घरात, अंथरुणात, जेवणाच्या ताटात नेऊन सोडला. बस. हे सगळे लेखक असंच करतात, आपल्या काळातली एखादी साधी सवय घ्यायची आणि ती तुटेपर्यंत ताणायची.

आता अक्काच्या अंगठ्याकडं येते, कारण मला खरं तिथंच यायचंय. अंगठ्याचे ठसे घेऊन माणूस ओळखायची सरकारी पद्धत आली कुठनं? तर आपल्याकडनंच. बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या साहेबानं १८५८ साली एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, उद्या "ही सही माझी नाही" म्हणायला नको म्हणून. मग १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं ऑफिसच उघडलं, त्याची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन देशी अंमलदार होते, नाव मात्र एडवर्ड हेन्री साहेबाचं झालं. मग ही पद्धत लंडनला गेली. म्हणजे शोध गुन्हेगार पकडायला उपयोगी पडला म्हणून कौतुक आहेच, पण तो पहिल्यांदा कुणावर वापरून बघितला ते लक्षात घ्या, ज्यांना 'नाही' म्हणायची सोय नव्हती अशा माणसांवर.

आणि इथं सोलापूर येतं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, म्हणजे काय तर एखाद्या जमातीत जन्माला आलात की तुम्ही जन्मतःच गुन्हेगार, तुम्ही काही करा नाहीतर करू नका. १९११ च्या कायद्यानं हे देशभर लागू करता आलं, आणि त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की नोंद झालेल्या माणसाचे बोटांचे ठसे घेता येतील. सोलापुरात तारेच्या कुंपणाच्या आत या लोकांना ठेवलं होतं. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास, आणि त्यांच्यातले किती जण त्याच मिलमध्ये राबायचे जिथं इतरांचे आजोबा राबत होते, फरक एवढाच की संध्याकाळी ते घरी जायचे नाहीत, आत जायचे. तो भाग अजून आहे, नाव अजून तेच, सेटलमेंट, म्हणजे या लोकांना ठेवायची वसाहत. रिक्षावाल्याला "सेटलमेंटला चल" म्हटलं की तो नेतो, कुणाला त्या शब्दाचं काही वाटत नाही. मला पण वाटत नव्हतं. शाळेत असताना मला वाटायचं कुणीतरी कोर्टात सेटलमेंट केली असेल म्हणून तसं नाव पडलं. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर, म्हणून त्या कायद्यातनं सुटलेला विमुक्त समाज तो दिवस पाळतो.

'१९८४' छापून आलं तेव्हा ती माणसं अजून हजेरी देत होती, आपल्या गावात. त्यामुळं कुणी मला म्हटलं की डिस्टोपिया म्हणजे भविष्यातली गोष्ट, तर मी विचारते कुणाच्या? तुझ्या का? कारण कुणाच्या तरी आजीचं ते होऊन गेलेलं आहे.

१९३० चं पण तसंच. आपल्याकडं चार हुतात्मा पुतळ्याजवळनं रोज हजार गाड्या जातात. मे १९३० मध्ये गांधीजींना पकडल्यावर मिल कामगार रस्त्यावर आले, काही दिवस गावात इंग्रजांचं राज्यच उरलं नाही, मग मार्शल लॉ म्हणजे लष्कराचा अंमल लागला आणि डोक्यावर गांधी टोपी असणं हासुद्धा गुन्हा झाला. टोपी! मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ऑर्वेलच्या कादंबरीत चेहऱ्यावरचा भाव चुकला तरी गुन्हा धरतात, त्याला चेहऱ्याचा गुन्हा असा शब्दच आहे. टोपीपासून चेहऱ्यापर्यंत फार अंतर नाही.

आता '१९८४' मधलं मला सगळ्यात भारी वाटलेलं सांगते, आणि ते टीव्हीतनं सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा बिग ब्रदर नाही. (त्या बिग ब्रदरचं तर काय झालं बघा, १९९९ ला नेदरलँड्समध्ये त्या नावाचा रिअॅलिटी शो निघाला, आपल्याकडं २००६ ला हिंदीत बिग बॉस आला, २०१८ ला मराठीत. ज्याला घाबरायचं म्हणून नाव ठेवलं त्याच्या घरात जायला लोक ऑडिशन देतात. ऑर्वेलला हे सुचलं नसतं.) तर भारी म्हणजे चॉकलेटचा प्रसंग. नायक विन्स्टन स्मिथ याची नोकरी काय, तर जुने पेपर बदलायचे. सरकारनं आधी सांगितलेलं असतं की चॉकलेटचं रेशन कमी करणार नाही, आणि ते होतं ३० ग्रॅमवरनं २०. तर हा जुन्या पेपरात जाऊन आधीचं वचनच बदलून टाकतो. दुसऱ्या दिवशी बातमी, लोकांनी मोर्चा काढून साहेबांचे आभार मानले, रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल. आणि आजूबाजूचे लोक माना डोलावतात. एका दिवसात विसरले.

मी अकाउंटचं काम करते, एका टॉवेल कारखान्यात, एमआयडीसीत, त्यामुळं मला हे फार लागलं. जुनी एंट्री बदलली तर ऑडिटमध्ये पकडली जाते, कारण कुठंतरी दुसरी वही असते. विन्स्टनच्या जगात दुसरी वहीच नाही, जुना कागद भिंतीतल्या भोकात टाकायचा, खाली भट्टी. आपल्याकडं अजून तसं नाही, पण पाच रुपयाचा बिस्किटचा पुडा कित्येक वर्षं पाचच रुपयाला राहिला आणि आतली बिस्किटं कमी कमी होत गेली हे आपल्यापैकी कितीजणांनी ग्रॅम वाचून बघितलं? आम्ही पण चहात बुडवून गप्प बसतो.

दोन मिनिटांचा द्वेष म्हणून पण एक प्रकार आहे त्यात, रोज ठरलेल्या वेळी सगळ्यांनी पडद्यासमोर बसून शत्रूला शिव्या घालायच्या, आणि विन्स्टनला मनातनं नको असतं तरी अर्ध्या मिनिटात तोही ओरडायला लागतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरसाठी केलेला मेसेज कुणी बघत नाही पण असला एखादा फॉरवर्ड पडला की रात्री साडेअकराला सत्तर मेसेज. एकदा मी पण टाकला होता रागात. सकाळी वाचून लाज वाटली, डिलीट केला.

पण खरं सांगू का, आपलं रोजचं जगणं ऑर्वेलपेक्षा हक्सलीच्या जवळ आहे असं मला वाटतं. ऑल्डस हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' १९३२ ची. गंमत म्हणजे हा हक्सली इटनच्या शाळेत काही दिवस ऑर्वेलला फ्रेंच शिकवायला होता, आणि '१९८४' वाचल्यावर त्यानं जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहिलं, पुस्तक चांगलंय पण राज्यकर्ते कायम लाथा मारत बसणार नाहीत, त्यापेक्षा लोकांना गुलामीच आवडायला लावणं स्वस्त पडेल, अशा अर्थाचं. त्याच्या जगात कुणी मारत नाही. वाईट वाटलं की गोळी घ्यायची, गोळीचं नाव सोमा, होय तोच, आपल्या वेदातला सोम. माणसं बाटलीत तयार होतात, अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन अशा पाच पायऱ्या, आणि झोपेत कानात सांगतात की तू बीटा आहेस ते किती बरं आहे, अल्फांना फार काम असतं बिचाऱ्यांना. इंग्रज वाचकाला ही भन्नाट कल्पना वाटली असेल. आपल्याला जन्मावरनं काम ठरवणं आणि वर 'त्यातच समाधान मान' म्हणणं हे काय नवीन आहे का? आपण ते बाटलीशिवाय करून दाखवलं.

सोम्याची गोळी माझ्या उशाखाली असते. रात्री अकराला चादर पांघरून म्हणते एकच रील बघते, आणि मग कुणीतरी कडक भाकरी चुरून शेंगाचटणी कालवतंय, मग मांजर, मग कुणीतरी रडतंय, मग परत भाकरी, आणि घड्याळात पाऊण. कुणी जबरदस्ती केली नाही. बटण पण दाबावं लागत नाही, अंगठा आपोआप वर सरकतो. म्हणजे बघा, एकच अंगठा, अक्काचा लागत नाही म्हणून गहू अडतो आणि माझा थांबत नाही म्हणून झोप.

रे ब्रॅडबरीचं 'फॅरेनहाइट ४५१' १९५३ चं, ते पण याच रांगेतलं. त्यात फायर ब्रिगेडवाले आग विझवत नाहीत, पुस्तकं जाळतात. सगळ्यांना एवढंच माहीत असतं. पण त्यातला फायर ब्रिगेडचा कॅप्टन जे सांगतो ते लोक विसरतात, की सुरुवात सरकारनं केलीच नव्हती. लोकांनी स्वतःच वाचायचं सोडलं, मोठ्या पुस्तकाचं छोटं केलं, छोट्याचं आणखी छोटं, कुणाला राग येईल ते काढून टाकलं, जाळायचं काम नंतरचं, नुसतं झाडू मारल्यासारखं. नायकाची बायको दिवसभर कानात शिंपल्याएवढे रेडिओ घालून बसते आणि भिंतीएवढ्या टीव्हीतल्या माणसांना 'फॅमिली' म्हणते. ब्लूटूथ इअरबड घालून बसमध्ये बसले की मला हीच बाई आठवते.

मग काय, सगळं संपलं का? तर नाही, आणि इथंच मला उगाच घाबरवणाऱ्यांचा राग येतो. आधार म्हणजे डी-५०३ असं सरळ म्हणणं सोपं आहे, १२ आकडे, दहा बोटं, दोन डोळे, एक फोटो, झालं. पहिलं आधार आपल्याच राज्यात दिलं, नंदुरबारच्या टेंभलीत, सप्टेंबर २०१० मध्ये. ज्या बाईकडं आयुष्यात एक कागद नव्हता तिला त्यानं बँकेत खातं उघडता आलं हे पण खरंच आहे. पण याच देशात पुट्टास्वामी नावाचे निवृत्त न्यायाधीश कोर्टात गेले, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी आधारचा कायदा टिकला, पण बँक खातं आणि मोबाइलच्या सिमला ते सक्तीनं जोडायचं नाही असं ठरलं. विन्स्टनला असं कुठलं कोर्टच नव्हतं. आणीबाणी लागली ती पण २५ जूनला, १९७५, ऑर्वेलच्या वाढदिवशी, निव्वळ योगायोग. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरनं, समोर मंत्री बसलेले असताना, बोलायचं ते बोलल्या, पुढं तुरुंगात गेल्या, परत आल्या आणि परत लिहायला बसल्या.

म्हणून मी कॅमेरे मोजत बसत नाही. चौकात कॅमेरा आहे, असू दे, परवा आमच्या शेजाऱ्याची चोरीला गेलेली गाडी त्यातच सापडली. मी बघते ती दुसरी गोष्ट, की मशीन चुकलं तर सांगायचं कुणाला, आणि सांगितल्यावर ते लिहून घेणारा माणूस तिथं आहे का. अॅप 'परवानगी द्या' म्हणतं, खाली 'नको' पण लिहिलेलं असतं, पण 'नको' दाबल्यावर ते अॅप चालतं का? टॉर्चच्या अॅपला माझे कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत हे मी आता विचारते. आधी नव्हते विचारत.

या महिन्यात परत गेलो दुकानात. डोळ्याचं मशीन आलंय म्हणे, पण त्याला चार्जिंग नव्हतं. अंगठा लाल. मग ओटीपी, तर तो नंबर अक्काच्या मुलाचा, मुलगा पुण्यात, ड्युटीवर, फोन उचलेना. दुकानदार म्हणाला, "अक्का, उद्या या की."

अक्कानं पिशवी खाली ठेवली, पायरीवर बसली, आणि कनवटीची डबी काढून तपकीर ओढत म्हणाली, "उद्याची मजुरी तू देणार व्हय? मी हाय हितंच." मागची लाईन थांबली. एक बाई म्हणाली, बसू दे तिला, आम्ही पण थांबतो. दुकानदारानं कपाळावरचा घाम पुसला, ड्रॉवर उघडला, आणि तळातनं एक जुनं रजिस्टर काढून पेन शोधायला लागला.